पाठीचा कणा : त्याची रचना आणि त्याचीं दुखणीं

सकाळच्या प्रहरीं पाणी भरतांना एखादी बाई वाकते, भरलेली घागर उचलूं लागते, आणि तत्क्षणीं कमरेंत कळ येऊन जागच्या जागीं थबकते. 'उसण भरली' असें घरांतील वडील माणसें म्हणतात. कोणी शेक देतात, कोणी लेप लावतात, आणि बाईस आठ दिवस अंथरुणांतून उठूं नको म्हणून बजावतात. यांतील शेक योग्यच आहे. परंतु आठ दिवसांची सक्तीची विश्रांति मात्र हिताची नव्हे. असें कां, हें समजण्यासाठीं पाठीच्या कण्याची रचना प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे.

कण्याकडे निसर्गानें परस्परांशीं सहसा न जुळणारीं तीन कामें सोंपविलीं आहेत. मस्तक व धड यांचा भार पेलण्यासाठीं तो खांबासारखा भक्कम हवा. वाकतां-वळतां यावें म्हणून तो वेतासारखा लवचिक हवा. आणि मेंदूपासून निघणाऱ्या नाजूक मज्जारज्जूस इजा होऊं नये म्हणून तो पेटीसारखा बंदिस्त हवा. एकच अखंड हाड हीं तिन्ही कामें करूं शकलें नसतें. म्हणून कणा ही लहान लहान मणक्यांची माळ आहे. बालपणीं हे मणके बहुधा ३३ असतात : मानेचे ७, छातीमागचे १२, कमरेचे ५, त्यांखालीं त्रिकास्थीचे ५ व माकडहाडाचे ४. शेवटल्या दोन गटांतील मणके वयाबरोबर सांधले जाऊन त्यांचें एकेक हाड बनतें. त्यामुळें प्रौढाच्या कण्यांत २६ हाडें मोजतां येतात.

प्रत्येक गटाची घडण त्याच्या कामास साजेशी आहे. मानेचा पहिला मणका कड्यासारखा असून त्यावर मस्तक टेकलेलें असतें. आकाश पेलणाऱ्या ग्रीक पुराणांतील अ‍ॅटलासचें नांव त्यास मिळालें आहे. दुसऱ्या मणक्यास वर एक खुंटी असते. 'नाहीं' म्हणून मान हलवितांना पहिला मणका या खुंटीभोंवतीं फिरतो. छातीमागच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्यामुळें तो भाग कमी वाकतो. कमरेचे मणके आकारानें सर्वांत मोठे, कारण वरचा सारा भार त्यांवर येतो. आणि म्हणूनच पाठदुखीचें माहेरघर कंबर हेंच होय.

दुसऱ्या मणक्यापासून त्रिकास्थीपर्यंत लगतच्या दोन मणक्यांमध्यें एकेक गादी असते. अशा एकंदर गाद्या २३. गादीचें कडें चिवट तंतूंच्या थरांचें असून तिच्या आंत पाणीदार, मऊ गर असतो. प्रौढ माणसाच्या गादींत, अगदीं बाहेरची कड सोडल्यास, रक्तवाहिन्या नसतात. शेजारच्या हाडांतून झिरपणाऱ्या द्रवावर तिचें पोषण चालतें. दिवसभराच्या भारानें तिच्यांतील कांहीं पाणी बाहेर पडतें व रात्रीं निजल्यावर तें परत शोषलें जातें. म्हणून माणसाची उंची सकाळपेक्षां संध्याकाळीं सुमारें १ सेंटिमीटरनें कमी भरते. वयाबरोबर गरांतील पाणी आटत जातें आणि कड्याचा चिवटपणा कमी होतो.

मणक्यांच्या मागील पोकळींतून मज्जारज्जु उतरतो. त्याची लांबी सुमारें ४५ सेंटिमीटर. त्यापासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघून हातापायांकडे व धडाकडे जातात. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीं मज्जारज्जु संपतो, आणि त्याखालीं घोड्याच्या शेपटीसारखा मज्जातंतूंचा झुपका लोंबतो. पाठींतील पाणी काढतांना डॉक्टर सुई या खालच्या भागांत घालतात, तें याचसाठीं.

आतां दुखण्यांकडे वळूं या. उसण भरते तेव्हां बहुधा स्नायूंना किंवा मणके बांधून ठेवणाऱ्या बंधांना ताण बसलेला असतो. बहुतेकांचें हें दुखणें कांहीं आठवड्यांत आपोआप ओसरतें. १९८६ सालीं अमेरिकेंत अशा रोग्यांचे दोन गट करून एकास दोन दिवस व दुसऱ्यास सात दिवस पडून राहण्याचा सल्ला देण्यांत आला. दोन्ही गट सारखेच बरे झाले. परंतु पहिल्या गटाचे कामाचे दिवस पुष्कळच कमी बुडाले. पडून राहिल्यानें कण्यास सांवरणारे स्नायु दुबळे होतात, हालचालीनें ते कामास लागतात. रोजंदारीवर पोट असणाऱ्यास तर हा भेद लहान नाहीं.

'गादी सरकली' हा शब्दप्रयोग सर्वतोमुखीं आहे. वास्तविक गादी सरकत नाहीं, तिचें कडें फाटून आंतील गर बाहेर येतो. तो मज्जातंतूस डंवचूं लागला कीं कळ नितंबापासून पोटरीपर्यंत, कधीं पावलापर्यंत उतरते. आयुर्वेदांत अशा दुखण्यास गृध्रसी म्हणतात. १९३४ सालीं बोस्टनच्या मिक्स्टर व बार या शस्त्रवैद्यांनीं गादीचा व या कळेचा संबंध स्पष्ट करून दाखविला. बाहेर आलेला गर शरीर बहुधा स्वतःच हळूहळू जिरवितें. म्हणून पुष्कळांना शस्त्रक्रियेवांचून आराम पडतो.

मात्र सर्वच पाठदुखी अशी निरुपद्रवी नसते. मणक्यांचा क्षय हा त्यांतील मोठा वैरी. १७७९ सालीं लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्यानें त्याचें वर्णन केलें. यांत मणका पुढच्या बाजूनें खचतो, पाठीस कुबड येतें, आणि प्रसंगीं पाय लुळे पडतात. भारतांत हा रोग आजही आढळतो. परंतु वेळीं ओळखल्यास तो औषधांनीं बरा होतो. उतारवयांत, विशेषतः स्त्रियांमध्यें, हाडें विरळ होऊनही मणके खचतात व पाठ वांकते.

म्हणून श्रोत्यांनीं दोन गोष्टींची खूणगांठ मनाशीं बांधावी. पाठदुखीबरोबर पायांतील शक्ति जाऊं लागली, बैठकीचा भाग बधिर झाला, अथवा लघवी अडली किंवा नकळत होऊं लागली, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. दुखणें आठवडेच्या आठवडे लांबलें, रात्रीं वाढूं लागलें, बारीक ताप येऊन वजन घटूं लागलें, तर शेकत न बसतां डॉक्टरांकडून तपासणी करवावी.

यांपैकीं कांहींच नसेल, तर भिण्याचें कारण नाहीं. त्या बाईनें कळ सोसवेल तितकें घरांत हिंडावें-फिरावें, आणि बरें वाटतांच आपल्या कामास लागावें. पुन्हां घागर उचलतांना मात्र तिनें गुडघे वाकवावे, घागर अंगाशीं धरावी, आणि ती हातांत असतां कमरेंतून पिळवटून वळूं नये.