निबंध मोजायचा कसा?

धान्य तोलायला तराजू असतो, ताप पाहायला तापमापक असतो. पण निबंध कशाने मोजायचा?

समजा, बीड जिल्ह्यातील एका मुलीने इंग्रजीत निबंध लिहिला. विषय : 'ऊसतोडीला जाणाऱ्या आईवडिलांच्या मुलांसाठी गावातच वसतिगृह असावे का?' एक गुरुजी विचारांवर खूश होऊन भरघोस गुण देतील. दुसरे स्पेलिंगच्या चुका पाहून हात आखडता घेतील. निबंध तोच, मग गुण वेगळे का?

१९१२ साली स्टार्च आणि इलियट या अमेरिकी संशोधकांनी एकच इंग्रजी उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. गुणांमध्ये शेकडा तीसहून अधिक अंतर पडले! १९६१ साली अमेरिकेतच ५३ जणांनी ३०० निबंध तपासले. त्यांना निबंधांचे नऊ गट पाडायचे होते. प्रत्येक निबंध निदान पाच वेगवेगळ्या गटांत गेला. कारण कोणी विचार पाहत होते, कोणी मांडणी, कोणी शब्द, तर कोणी व्याकरण.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक बाजू वेगळी मोजणे. परदेशी शिक्षणासाठी अनेक जण देतात ती आयईएलटीएस ही परीक्षा १९८९ साली सुरू झाली. तिच्यात प्रशिक्षित परीक्षक चार कसोट्या लावतात : प्रश्नाला नेमके उत्तर, विचारांची सुसंगत मांडणी, शब्दांचा योग्य वापर आणि व्याकरण. चारही कसोट्यांचे वजन सारखेच. श्रेणी ० ते ९.

आपल्या मुलीला अनुक्रमे ७, ७, ६, ६ मिळाले असे धरू. बेरीज २६, सरासरी ६.५. या परीक्षेत लेखनाचे दोन प्रश्न असतात. पहिला किमान १५० शब्दांचा, दुसरा किमान २५० शब्दांचा. दुसऱ्याचे वजन दुप्पट असते. निबंध हा दुसरा प्रश्न. पहिल्यात तिला ५ मिळाले, तर ५ अधिक १३ म्हणजे १८. त्याला ३ ने भागले की श्रेणी ६.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. वसतिगृह हवे की नको, या मताला गुण नसतात. मताला दिलेल्या कारणांना असतात. 'कोयता' असे नुसते लिहिले, तर दूरच्या परीक्षकाला ते हत्यारच वाटेल. ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे नवराबायकोची जोडी, हे तिने सोप्या शब्दांत सांगितले पाहिजे. पाठ केलेले जडजंबाल शब्द तिथे उपयोगी पडत नाहीत.

आता वर्गात एक प्रयोग करा. एकच निबंध पाच जणांनी, एकमेकांचे गुण न पाहता, एकदम तपासावा. नंतर दुसरा निबंध चार कसोट्यांनी तपासा. गुणांतील अंतर कमी होते का, ते पाहा. न झाले तरी लाभ आहेच. नुसते 'सहा' म्हटल्याने चूक कळत नाही. 'मांडणी चांगली, व्याकरण कच्चे' म्हटले की उद्या काय करायचे ते कळते.