औषधांची आंतरक्रिया आणि मेडिकलमधले ज्ञान

औषधांच्या दुकानाला रत्नागिरी जिल्ह्यात सर्रास ‘मेडिकल’ म्हटले जाते आणि तेथे उभा असलेला माणूस चिठ्ठी वाचून गोळ्यांची पट्टी काढून देणारा दुकानदार आहे, असा समज रूढ आहे. कायदा मात्र तसे मानत नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावयाचे असते आणि २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी औषधांच्या संभाव्य आंतरक्रियांविषयी रुग्णाला समजावून सांगणे हेही त्याच्या कर्तव्यात धरले आहे. आंतरक्रिया म्हणजे एका औषधामुळे किंवा खाद्यपदार्थामुळे दुसऱ्या औषधाचा परिणाम वाढणे, घटणे किंवा बदलणे. अंगावर पुरळ उठले की लोक ज्याला ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणतात, ती बहुधा अ‍ॅलर्जी असते आणि तिचा प्रकार निराळा.

फार्मासिस्टला औषधांच्या सगळ्या जोड्या पाठ असाव्यात, ही अपेक्षाही चुकीची आहे, कारण अशा जोड्या हजारोंनी आहेत आणि त्याला खरोखर ठाऊक असावे लागते ते आंतरक्रिया घडण्याच्या वाटांविषयी. पावसाळ्यात चिखलात लावणी करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन दिले जाते. त्यांच्यापैकी एखादी स्त्री रक्त कमी असल्यामुळे लोहाच्या गोळ्या घेत असेल, तर पोटात लोह डॉक्सिसायक्लिनला बांधून टाकते आणि औषध रक्तात पुरेसे उतरत नाही. दोन्ही गोळ्यांत काही तासांचे अंतर ठेवावे, हा नेहमीचा उपाय येथे अपुरा पडू शकतो, कारण शोषले गेलेले डॉक्सिसायक्लिन काही अंशी पुन्हा आतड्यात येते आणि तेथे लोहाला सापडते. अ‍ॅसिडिटीवरच्या अ‍ॅल्युमिनिअम-मॅग्नेशियमयुक्त पातळ औषधाचेही असेच.

डॉक्टरांनी पाहिलेलेच असणार, हा तिसरा समज त्याहून घातक म्हणावा लागेल. हृदयाचे डॉक्टर कोल्हापुरात किंवा मुंबईत, तापाचे डॉक्टर गावात आणि गुडघेदुखीची गोळी चिठ्ठीविनाच आणलेली, अशा स्थितीत प्रत्येकाला आपलाच कागद दिसतो. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्याने डायक्लोफेनॅक घेतले, तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, हे जाणणाऱ्या फार्मासिस्टलाही वॉरफरिनचा पत्ता लागेलच असे नाही. काउंटरवर येतो तो पुष्कळदा शेजारचा मुलगा, आणि त्याच्या हातात असतो कात्रीने कापलेल्या पट्टीचा नाव उडालेला तुकडा. फार्मासिस्टचे अज्ञान म्हणून जे गणले जाते, त्यात या तुकड्याचाही वाटा मोठा आहे.

फळापासून औषधाला काय धोका, असेही विचारले जाते. ग्रेपफ्रूटच्या रसामुळे फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाचे रक्तातील प्रमाण फार वाढते, असे दाखवणारा शोधनिबंध १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. कोकणातील पपनस हे या ग्रेपफ्रूटचे पूर्वज फळ असून दोहोंतही फ्युरॅनोकुमारिन ही द्रव्ये असतात; आतड्यातील ज्या विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे, अनेक औषधांचे विघटन होते, ते विकर ही द्रव्ये निकामी करतात. म्हणून कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्याने भाद्रपदात पपनस सोलण्यापूर्वी मेडिकलमध्ये विचारलेले बरे. नेहमीच्या मोसंबीला हा दोष नाही. निकामी झालेले विकर नव्याने तयार होण्यास एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागत असल्यामुळे सकाळी फळ आणि रात्री गोळी, हा घरगुती तोडगा मात्र येथे चालत नाही.