बाइकपॅकिंगसाठी परवडणारा फोर्क घेताय?

बजेट एमटीबीवर बहुतेकदा एसआर सनटूर एक्ससीटीसारखा कॉइल फोर्क येतो. आत स्टीलची स्प्रिंग, वजन अडीच किलोच्या घरात. हँडलबारवर तंबू नि स्लीपिंग बॅग बांधली की तो आधीच दबून बसतो. प्रीलोडची चकती फिरवून फारसं काही होत नाही.

माझं मत विचाराल तर थोडे पैसे वाढवा आणि एअर फोर्कच घ्या. सनटूर एक्ससीआर एअर, रेडॉन किंवा रॉकशॉक्स जूडी. सामान वाढलं की हवा वाढवायची, बस्स! त्यासाठी शॉक पंप मात्र वेगळा लागतो. टायरचा पंप इथे कामाचा नाही. 100 मिमी ट्रॅव्हल पुरतो. 120 च्या मोहात पडलात तर सायकलचं तोंड वर येतं आणि चढावर पुढचं चाक भटकतं.

पैसे भरण्याआधी हेडट्यूब बघा. ती सरळ, जुन्या मापाची असेल तर टेपर्ड स्टिअरर बसणारच नाही. हब 9 मिमी क्विक रिलीजचा आणि फोर्क 15 मिमी थ्रू अ‍ॅक्सलचा असेल, तर चाकाचाही खर्च धरा.

फोर्क बसवल्यावर सगळी हवा सोडा, बॅग बांधा आणि हँडल तळापर्यंत दाबा. बॅग टायरला घासली तर पट्टे वर ओढा.

बाकी, नुसत्या कच्च्या रस्त्यांनीच जाणार असाल तर रिजिड स्टील फोर्क आणि जाड टायर. सर्व्हिसिंगची कटकटच नाही.