घर उचलून नेण्याचा हक्क

१८ एप्रिल १९०६ ला पहाटे सॅन फ्रान्सिस्को भूकंपाने हादरले आणि पाठोपाठ भडकलेल्या आगीत शहराचा मोठा भाग जळून गेला. सुमारे चार लाखांच्या वस्तीतली दोन लाखांहून अधिक माणसे उघड्यावर आली. आधी बागांमधून तंबू पडले. पण तिकडे पाऊस हिवाळ्यात येतो आणि तो तोंडावर होता, म्हणून मदतीचे काम पाहणाऱ्यांनी लाकडी खोल्या बांधायला घेतल्या. काही महिन्यांत ५,६१० खोल्या उभ्या राहिल्या. भिंती रेडवुडच्या, जमीन फरच्या फळ्यांची, छप्पर सीडरच्या पातळ फळकुटांचे आणि रंग सगळ्यांना एकच, बागेतल्या बाकांचा हिरवा. लहान खोली १० फूट बाय १४ फूट, म्हणजे आपल्याकडच्या चाळीतल्या खोलीएवढी. भाडे महिना २ डॉलर, आणि ते ५० डॉलरच्या किमतीत वळते व्हायचे. १९०७ मध्ये बागा रिकाम्या करायची वेळ आली, तेव्हा लोकांनी या खोल्या घोडागाड्यांवर चढवल्या आणि शहराच्या कडेला घेतलेल्या प्लॉटवर नेऊन ठेवल्या. पाच हजारांवर खोल्या अशा हलल्या. भूकंपाआधी भाड्याने राहणारी कितीतरी कुटुंबे त्यामुळे घरमालक झाली.

आपत्तीनंतरचा निवारा किती दिवसांत उभा राहिला, हे आपण हिरिरीने विचारतो. तो तिथून उठताना कोण घेऊन जाणार, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. तात्पुरती खोली उचलून नेता येईल अशी बांधली आणि ती राहणाऱ्याच्या मालकीची केली, तर मदतीवर खर्च झालेला पैसा त्या कुटुंबाच्या पदरात टिकतो. या दोन गोष्टींपैकी एक जरी सुटली, तरी खोली शेवटी भंगारात जाते किंवा दुसऱ्याच्या कामी येते.

दुसऱ्याच्या कामी कशी येते, याचा दाखला अमेरिकन लेखक थोरोच्या ‘वॉल्डन’मध्ये आहे. दुर्गाबाई भागवतांनी हे पुस्तक ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने मराठीत आणले, त्यामुळे थोरोने तळ्याकाठी बांधलेली झोपडी आपल्या वाचकांना परकी नाही. तिच्या फळ्या कुठून आल्या, हे मात्र अनेकांच्या लक्षात राहत नाही. १८४५ साली थोरोने जेम्स कॉलिन्स या आयरिश रेल्वे मजुराचे खोपट सव्वाचार डॉलरला विकत घेतले. खिळे उपसले, फळ्या छोट्या गाडीतून खेपा करत तळ्याकाठी नेल्या आणि बाक निघावा म्हणून गवतावर उन्हात पसरून ठेवल्या. त्याच सकाळी कॉलिन्सचे कुटुंब सगळा संसार एका गाठोड्यात बांधून रस्त्याला लागले होते. थोरोने कुणाची फसवणूक केली नाही, व्यवहार चोख होता. पण लाकूड एका वाटेने गेले आणि त्या लाकडाखाली राहिलेली माणसे दुसऱ्या वाटेने. सॅन फ्रान्सिस्कोत माणूस आणि खोली एकाच वाटेने गेली. हलवण्याचे काम दोन्हीकडे झाले, फरक मालकीचा पडला.

आता हलवण्याच्या कामाकडे येऊ, कारण बरेच मनसुबे इथेच फसतात. आखी खोली न्यायची तर सारा भार खालच्या आडव्या वाशांवर येतो. ते कुजलेले असतील तर वरची भिंत कितीही धड दिसो, जॅक लावताच सांधे सुटतात. म्हणून आधी तळचे लाकूड टोकरून पाहायचे. मग दारे-खिडक्या काढायच्या, रिकाम्या चौकटींत तिरप्या पट्ट्या ठोकायच्या, म्हणजे खोली कलत नाही. मग चारी कोपरे थोडे थोडे, एका पातळीत उचलायचे आणि खाली लांब तुळया सरकवायच्या. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. मोटार वाहन नियमांप्रमाणे ट्रकची रुंदी २.६ मीटरपलीकडे चालत नाही आणि दहा फूट म्हणजे ३ मीटरच्या वर झाले. ती सॅन फ्रान्सिस्कोची खोली आपल्या रस्त्यावर साध्या ट्रकमधून आखी जाणारच नाही. आपल्यासाठी दोनच वाटा उरतात: रुंदी आठ फुटांत बसवायची, जशी मालवाहू कंटेनरची असते, नाही तर भिंती नट-बोल्टने जोडलेल्या भागांत करायच्या, म्हणजे पाना घेऊन दोन-चार माणसांना त्या उकलता येतील. वेल्डिंगने कायमची जखडलेली शेड हलवायची तर ती कापावी लागते, आणि कापलेला अँगल पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही.

महाराष्ट्राला या विषयाची ओळख दुःखातून झाली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे ८,००० माणसे गेली, ती बहुतेक मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवद यांच्याखाली सापडून. त्यानंतर लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाचलेल्यांची सोय कंटेनरमध्ये झाली. पक्के घर मिळाले की तात्पुरत्याची गरज संपली, असे कागदावर धरले जाते. खेड्यातल्या माणसाची गरज तशी संपत नाही. शेळ्या बांधायला, कडबा आणि खताची पोती कोरडी ठेवायला, पिकाच्या राखणीला रात्री शेतात झोपायला त्याला आडोसा लागतोच, आणि हा आडोसा तो पदरमोड करून उभा करतो.

यावर पहिला आक्षेप येतो की अशाने झोपडपट्टी वाढेल. आक्षेप पोकळ नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या खोल्यांतही नळ किंवा संडास नव्हता आणि त्या जशाच्या तशा कायम राहिल्या असत्या तर हाल झाले असते. पण लोकांनी दोन-तीन खोल्या एकमेकींना जोडल्या, स्वयंपाकघर काढले, नळ घेतले. अशा खोल्या जोडून झालेले चोविसाव्या अव्हेन्यूवरचे एक घर १९८४ मध्ये त्या शहराने वारसा म्हणून नोंदवले. वस्ती बकाल होते ती पाणी आणि गटार नसल्याने. खोली लाकडाची की पत्र्याची, यावर ते ठरत नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: जमीनच नसेल तर खोली नेऊन ठेवायची कुठे? भूमिहीन कुटुंबाला नुसती शेड देऊन भागणार नाही, हे मान्यच केले पाहिजे. त्याला आधी गावठाणात जागा हवी. तिसरा आक्षेप खर्चाचा. पत्रे गंजलेले असतील, पाय काँक्रीटमध्ये गाडलेले असतील किंवा अंतर फार असेल, तर हलवू नये, हे मीही म्हणेन. मात्र हा खर्च बराचसा बांधतानाच ठरलेला असतो. पाय गाडण्याऐवजी जोत्यावर बोल्टने बसवले, तर पुढचा खर्च आजच कमी होतो.

पूर, दरड, भूकंप यांच्या मदतीसाठी आपण दिवाळी अंकांतून, मंडळांतून, कंपन्यांतून निधी गोळा करतो. पुढच्या वेळी निवाऱ्यासाठी पैसे देताना संस्थेला आणि तहसील कार्यालयाला दोन गोष्टी लेखी विचारा: खोली पान्याने उकलता येते का, आणि तिची मालकी पहिल्या दिवसापासून राहणाऱ्या बाईच्या नावावर लागेल का. दोन्हींचे उत्तर ‘हो’ आले, तरच पैसे द्या.