दूरसंचार कंपन्यांचा नवा व्यवसाय : संगणनशक्तीचा पुरवठा

सुरत शहराच्या पूर्वेकडील पर्वत पाटिया व लिंबायत परिसरात, कापडउद्योगाच्या निमित्ताने खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली आहेत. तेथील एखाद्या दुकानदाराने मोबाइलवर मराठीत प्रश्न विचारला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यास उत्तर दिले, तर ते उत्तर बहुधा त्या मोबाइलमध्ये तयार होत नाही. ते दूरच्या डेटा केंद्रातील शक्तिशाली संगणकांवर तयार होते. दूरसंचार कंपनीच्या वाट्यास केवळ ने-आण करण्याचे भाडे येते. ही संगणनशक्तीही कंपन्यांनीच पुरवावी, असा विचार आता पुढे आला आहे.

या दृष्टीने मुंबईच्या विदेश संचार निगमाचे उदाहरण उद्बोधक आहे. १९८६ साली स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीचा मुख्य व्यवसाय परदेशी दूरध्वनीचा होता. २००२ साली ती टाटा समूहाकडे गेली आणि २००८ साली ‘टाटा कम्युनिकेशन्स’ झाली. पुढे तिने समुद्राखालील केबल व डेटा सेवांवर भर दिला. २०१६ साली भारतातील डेटा केंद्रांच्या व्यवसायातील ७४ टक्के हिस्सा तिने सिंगापूरच्या कंपनीस विकला. तरीही २०२४ साली एन्व्हिडिया कंपनीचे प्रोसेसर बसवून संगणनशक्ती भाड्याने देण्याचे तिने जाहीर केले. म्हणजेच, या व्यवसायात इमारतीच्या मालकीपेक्षा केबलचे जाळे व ग्राहकांशी असलेला संबंध अधिक मोलाचा ठरू शकतो. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांचे ‘इंडिया एआय मिशन’ मंजूर केले. त्याखाली निवडलेल्या पुरवठादारांत ही कंपनी व जिओ प्लॅटफॉर्म्स यांचा समावेश आहे.

जवळीक हा दूरसंचार कंपन्यांचा दुसरा लाभ होय. काचतंतूतून प्रकाश एका सेकंदात सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सुरत-मुंबई हे सुमारे २६० किलोमीटरचे अंतर जाऊन-येऊन ३ सहस्रांश सेकंदांत कापता येते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासाठी किमान १३० सहस्रांश सेकंद लागतात. लेखी उत्तरासाठी हा फरक नगण्य आहे. परंतु तोंडी संभाषणात, अथवा मागावरील कापडाचा दोष कॅमेऱ्याने तत्क्षणी हेरावयाचा असेल तेव्हा, तो महत्त्वाचा ठरतो.

तथापि, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नवी यंत्रे आणून ठेवली की काम झाले, असे मात्र नाही. अशा यंत्रांच्या एकाच कपाटास १०० किलोवॉटहून अधिक वीज लागू शकते आणि ती थंड ठेवण्यास पंखे अपुरे पडून द्रवरूप शीतक खेळवावे लागते. शिवाय केबल दशकानुदशके चालते, तर हे प्रोसेसर थोड्याच वर्षांत मागे पडतात. ते रिकामे राहिल्यास गुंतविलेले भांडवल बुडण्याचा धोका असतो.

म्हणूनच यंत्रखरेदीपूर्वी कायमचे ग्राहक निश्चित करणे अगत्याचे आहे. बँका, रुग्णालये, कापडबाजार आणि शासकीय कार्यालये हे असे ग्राहक होत. पर्वत पाटियाच्या दुकानदारास स्वभाषेत, परवडणाऱ्या दरात व विनाविलंब सेवा मिळेल, तेव्हाच ही गुंतवणूक सार्थकी लागली असे म्हणता येईल.