भीतीकडून दानाकडे : मृतांच्या स्मरणाचे शारदीय सण

ऑक्टोबर महिना सरत आला की अलीकडे आपल्या मोठ्या शहरांतील दुकानांत भुतांचे मुखवटे, प्लास्टिकचे सांगाडे आणि डोळे कोरलेले भोपळे दिसू लागतात. काही शाळांतून मुलांना ‘हॅलोविन’साठी वेश करून येण्याची सूचना मिळते. अशा वेळी विचारी पालकांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. भुताखेतांवर विश्वास ठेवू नका असे मुलांना शिकवायचे आणि त्याच मुलांच्या तोंडावर भुताचा मुखवटा चढवायचा, हे कसे? आणि बुद्धधम्माचा वारसा सांगणाऱ्या चीन, जपान, कंबोडिया या देशांतही मृतांचे सण मोठ्या प्रमाणावर साजरे होतात, त्यांचा अर्थ आपण कसा लावायचा?

दुसरा प्रश्न आपल्याला अधिक जवळचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. तेव्हा या सणांकडे केवळ कुतूहलाने पाहून भागणार नाही. त्यांतले काय घेण्यासारखे आहे आणि काय नाही, हे पारखून पाहिले पाहिजे. तशी पारख करू लागले म्हणजे एक गोष्ट प्रथम लक्षात येते. या सणांतील भूत हे बहुधा सूड घेणारे नसते. ते भुकेले असते, दाराशी आलेले असते, आणि सणाचा खरा विधी त्याला घालवून देण्याचा नसून त्याला काही देण्याचा असतो.

आयर्लंडची थंडीची चाहूल

हॅलोविनचे मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंड येथील ‘साविन’ या प्राचीन सणात शोधले जाते. ३१ ऑक्टोबरच्या सूर्यास्तापासून हा सण सुरू होई. पीक घरात आलेले असे, डोंगरावरच्या कुरणांतून गुरे खाली आणलेली असत, आणि पुढे लांबलचक हिवाळा उभा असे. साठवलेले धान्य पुरेल की नाही, घरातले म्हातारे माणूस वसंत ऋतू पाहील की नाही, ही चिंता त्या रात्री खरीखुरी होती. सरते वर्ष आणि येते वर्ष यांच्या सांध्यावर जिवंतांचे जग आणि मृतांचे जग यांमधील पडदा विरळ होतो, अशी लोकांची समजूत होती. म्हणून चूल पेटती ठेवून घरच्या मृतांसाठी अन्न काढून ठेवण्याची चाल अनेक ठिकाणी होती.

पुढे नवव्या शतकात पश्चिम युरोपात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस म्हणून रूढ झाला. त्याची पूर्वसंध्या म्हणजे ‘ऑल हॅलोज ईव्ह’, आणि त्याचेच संक्षिप्त रूप हॅलोविन. सुमारे हजार वर्षांपूर्वी फ्रान्समधील क्लूनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी २ नोव्हेंबर हा सर्व मृतांसाठी प्रार्थना करण्याचा दिवस ठरवला आणि तो हळूहळू सर्वत्र पसरला. गोव्यातील आणि वसईतील ख्रिस्ती कुटुंबे आजही त्या दिवशी दफनभूमीत जाऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या दिवसांत गरीब माणसे आणि मुले दारोदार फिरत. घरधनीण त्यांच्या हातावर छोटी गोड पोळी ठेवी आणि त्या बदल्यात ती त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत. मृतांच्या नावाने दिलेले अन्न अशा रीतीने जिवंत भुकेल्याच्या पोटात जाई.

१८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने नासले आणि भीषण दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. अमेरिकेत पोहोचलेल्या या लोकांनी आपला सण बरोबर नेला. मायदेशी ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत; नव्या देशात मोठा, कोरायला सोपा भोपळा मिळाला. विसाव्या शतकात मुलांनी वेश घालून घरोघरी खाऊ मागण्याची पद्धत तेथे रूढ झाली आणि मग बाजाराने हा सण ताब्यात घेतला. तरीही मूळ धागा पुरता तुटला नाही. १९५० मध्ये फिलाडेल्फिया येथे काही मुलांनी खाऊऐवजी नाणी गोळा करून ती युनिसेफकडे पाठवली. त्यातून सुरू झालेल्या उपक्रमात असंख्य मुलांनी दारोदार फिरून जगातील गरजू बालकांसाठी निधी जमवला आहे.

मेक्सिकोचा झेंडू

मेक्सिकोमध्ये १ आणि २ नोव्हेंबर हे मृतांचे दिवस. पहिला दिवस मुख्यतः निवर्तलेल्या बालकांचा, दुसरा मोठ्यांचा. घरात एक मंच मांडतात. त्यावर मृताचे छायाचित्र, पाणी, मीठ, मेणबत्त्या, त्याच्या आवडीचे पदार्थ आणि खास या दिवसांसाठी भाजलेला गोड पाव ठेवतात. वाट दिसावी म्हणून दारापासून मंचापर्यंत झेंडूच्या पाकळ्या पसरतात. आपल्याकडे दसऱ्याला ज्याचे तोरण बांधले जाते तो झेंडू मूळचा याच भूमीतला आहे.

या सणात कवट्या आणि सांगाडे सर्वत्र असतात, पण ते हसरे असतात. साखरेच्या कवट्या एकमेकांना भेट देतात. होसे ग्वादालूपे पोसादा (१८५२–१९१३) या चित्रकाराने मोठी पिसांची टोपी घातलेल्या श्रीमंत स्त्रीचा सांगाडा रेखाटला. कितीही नटले तरी आत हाडेच आहेत, हा त्यातला टोमणा. ते चित्र पुढे या सणाचे चिन्ह बनले. २००८ मध्ये युनेस्कोने हा सण मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवला. सणांचे रूप बाहेरच्या वाऱ्यानेही बदलते, याचे उदाहरणही येथेच मिळते. २०१५ च्या ‘स्पेक्टर’ या जेम्स बाँड चित्रपटात मेक्सिको शहरातील मृतांच्या दिवसाची एक भव्य मिरवणूक दाखवली होती. ती कल्पित होती. पुढच्याच वर्षापासून त्या शहरात तशी मिरवणूक खरोखरच निघू लागली.

महामोग्गलानाची आई

पूर्व आशियात सातव्या चांद्रमासाची पौर्णिमा हा मृतांच्या स्मरणाचा मुख्य दिवस आहे. तेथील पंचांगात हा महिना शरद ऋतूचा पहिला महिना गणतात. तेथील भिक्खुसंघाचा वर्षावासही याच पौर्णिमेस संपतो. या सणामागची कथा ‘उल्लंबन सूत्रा’त आहे. हे सूत्र पाली तिपिटकात नाही. ते चिनी परंपरेत प्रसिद्ध आहे. तथागतांचे महाश्रावक मोग्गलान यांना आपली मृत आई प्रेतयोनीत, अन्नावाचून अस्थिपंजर झालेली दिसली. त्यांनी पात्रभर भात तिला नेऊन दिला. तिने घास तोंडाशी नेला तोच त्याचे धगधगते निखारे झाले. शोकाकुल मोग्गलान तथागतांकडे आले. एकट्याच्या सामर्थ्याने हे होणार नाही, वर्षावास संपविणाऱ्या संघाला दान दे, असा मार्ग तथागतांनी दाखवला. ऋद्धिबळात अग्रगण्य मानलेला शिष्यही येथे हतबल होतो, आणि उपाय निघतो तो सामुदायिक दानातून. कथेचे मर्म हेच आहे.

चिनी समाजात या दिवसाला ताओ परंपरेचीही जोड मिळाली. कागदी नोटा जाळणे, उघड्यावर जेवण मांडणे असे अनेक प्रकार त्यात आले. तैवानमध्ये ज्यांना वंशज उरले नाहीत अशा भटक्या मृतांना भूत म्हणण्याऐवजी आदराने ‘चांगले भाऊ’ म्हणतात. सिंगापूर-मलेशियात या महिन्यात रस्त्यांवर गाण्यांचे कार्यक्रम होतात, तेव्हा पुढची खुर्च्यांची रांग त्या अदृश्य पाहुण्यांसाठी रिकामी ठेवतात.

जपानमध्ये याच सणाला ‘ओबोन’ म्हणतात. आता बहुतेक ठिकाणी तो १३ ते १६ ऑगस्ट या काळात होतो. पहिल्या दिवशी दाराशी स्वागताचा अग्नी पेटवतात, शेवटच्या दिवशी निरोपाचा. काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याचा बैल. पूर्वजांनी घोड्यावरून लवकर यावे आणि बैलावरून सावकाश परतावे, अशी त्यामागची प्रेमळ कल्पना. १६ ऑगस्टच्या रात्री क्योतो शहराभोवतीच्या पाच डोंगरांवर निरोपाच्या प्रचंड आकृती अग्नीने रेखल्या जातात. मृतांच्या नावाने पाण्यावर कंदील सोडण्याची जपानी चाल हिरोशिमा शहरात ६ ऑगस्टला पाहावी. १९४५ मध्ये अणुबाँबने मेलेल्यांसाठी तेथील नदीत कंदील सोडले जातात आणि त्यांवर शांतीचे संदेश लिहिलेले असतात.

कंबोडियाचे पंधरा दिवस

कंबोडियातील ‘प्चुम बेन’ हा सण भाद्रपदाच्या कृष्णपक्षात पंधरा दिवस चालतो. आपल्याकडे ज्या काळात पितृपक्ष पाळला जातो तोच हा काळ, आणि ‘बेन’ हा शब्दही ‘पिंड’ या शब्दापासूनच आलेला. गावोगावचे लोक विहारांत जमतात, भिक्खूंना भोजनदान देतात, पहाटेच्या अंधारात विहाराभोवती फिरून चिकट भाताचे गोळे टाकतात. सुईच्या छिद्राएवढ्या तोंडाची भुकेली प्रेते प्रकाशात येऊ शकत नाहीत, अशी समजूत त्यामागे आहे. भाताचे गोळे टाकण्याचा हा भाग आपल्या प्रतिज्ञेशी जुळणारा नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

परंतु कंबोडियाचा अलीकडचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवल्यावाचून या सणाचा निवाडा करू नये. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीत पंधरा ते वीस लाख माणसे उपासमारीने, रोगाने, अतिश्रमाने किंवा हत्येने मेली. विहार बंद पडले, भिक्खूंची चीवरे उतरवली गेली. लाखो कुटुंबांना आपले माणूस कोठे आणि कसे मेले हेही कळले नाही. ना चिता, ना अस्थी, ना शेवटचे दर्शन. राजवट कोसळल्यावर लोक पुन्हा विहारांत जमू लागले, तेव्हा भुकेल्या प्रेतांची ती जुनी कल्पना त्यांच्यासाठी नुसती कल्पना राहिली नव्हती. त्यांची माणसे खरोखरच भुकेने मेली होती. विहारात त्यांचे नाव घेऊन कोणाला तरी जेवू घालणे, एवढेच त्यांच्या हाती उरले होते.

पाली परंपरा काय सांगते?

‘पेत’ या पाली शब्दाचा मूळ अर्थ ‘येथून निघून गेलेला’ असा आहे. खुद्दक निकायातील ‘पेतवत्थु’ या ग्रंथात अशा ५१ कथा आहेत. त्यांतील बहुतेकांचे सूत्र एकच : जिवंतपणी कृपणपणा केला, मत्सर केला, मागणाऱ्याला दारातून हाकलले, म्हणून ही अवस्था. यांतील तिरोकुड्ड सुत्तात असे चित्र आहे की, गेलेले आप्त घराच्या भिंतीबाहेर, दाराच्या चौकटीपाशी, चव्हाट्यावर उभे राहतात. त्यांच्याकडे शेती नाही, गोपालन नाही, व्यापार नाही. येथून दिलेल्या दानावरच त्यांचा निर्वाह. रडण्याने व शोकाने त्यांचे काहीच भले होत नाही, असेही ते सुत्त बजावते. अट्ठकथेनुसार, रात्री भयंकर आवाज ऐकून घाबरलेल्या बिंबिसार राजाला तथागतांनी हा उपदेश केला. राजाच्या भीतीवर त्यांनी मंत्र दिला नाही की गंडा बांधला नाही; संघाला दान द्यावयास सांगितले.

असे दान मृतांना खरेच पोहोचते का? ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात राजा मिलिंद नेमका हाच प्रश्न नागसेन स्थविरांना विचारतो. सर्वांना पोहोचत नाही, असे ते सांगतात. मग न पोहोचलेले दान वाया गेले काय? नागसेन दृष्टान्त देतात : नातेवाइकांसाठी नेलेले अन्न त्यांनी घेतले नाही, तर ते नेणाऱ्याकडेच राहते, दानाचे फळही तसेच दात्याचे. म्हणजे परलोकाविषयी कोणाचे मत काहीही असो, दान निष्फळ जात नाही. ते घेणाऱ्या जिवंत माणसाच्या उपयोगी पडते आणि देणाऱ्याचे मन मोकळे करते.

आपल्यासाठी कसोटी

आपल्या समाजात श्राद्ध नाकारले गेले, पण कृतज्ञता नाकारली गेली नाही. श्राद्धाला जन्माने ठरलेला मध्यस्थ लागतो, परंपरेने त्याचा अधिकार मुलाचा मानला जातो आणि ते न केल्यास पितर कोपतील ही भीती त्यामागे असते. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला यांतले काही लागत नाही. मुलगी, सून, नातू, मित्र, कोणीही त्रिसरण-पंचशील घेऊन कालकथित व्यक्तीच्या स्मरणार्थ दान देऊ शकतो. वसतिगृहातील एखाद्या विद्यार्थ्याच्या वह्या, एखाद्या ग्रंथालयाचे कपाट, भोजनगृहातील एका दिवसाचे जेवण हे सारे त्या दानाचेच रूप आहे.

भीतीची किंमत महाराष्ट्राने पुरेशी मोजली आहे. भानामती, करणी, चेटूक यांच्या संशयावरून स्त्रियांना मारहाण झाली, कुटुंबे गावाबाहेर काढली गेली. अशा अघोरी प्रथांविरुद्ध २०१३ मध्ये राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांची हत्या झाली. म्हणून कोणताही सण, देशी असो वा विदेशी, स्वीकारताना एकच कसोटी लावावी : या विधीने भीती वाढते की दान वाढते?

या कसोटीवर पालकांच्या पहिल्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. मूल गंमत म्हणून मुखवटा घालीत असेल तर त्यात बिघडत नाही. उलट भूत कागदाचे असते हे त्याला स्वतःच्या हातांनी कळते. मात्र त्याच दिवशी त्याला हेही सांगावे की, आयर्लंडपासून कंबोडियापर्यंत माणसांनी आपल्या गेलेल्या माणसांसाठी एक पान अधिक वाढले, आणि ते पान जेथे शहाणपणाने वाढले गेले तेथे ते एखाद्या भुकेल्या जिवंत माणसाच्या पुढे गेले. आपल्या आजोबांचे, आजीचे नाव घेऊन त्या मुलाने आपल्या खाऊतला अर्धा वाटा दुसऱ्याला दिला, तर त्याने हा सण बुद्धाच्या वाटेने साजरा केला असे म्हणता येईल.