खर्च कोणाचा, हिशेब कोणाचा?

निवडणूक जवळ आली की आपल्या जळगाव-धुळ्याच्या चौकाचौकांत फलक झळकू लागतात. वर पुढाऱ्याचे हसरे छायाचित्र आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून दहावीस नावे! फलक पाहणारा मतदार चेहरा पाहतो, चिन्ह पाहतो. पण त्याचे पैसे कोणी मोजले, हे सहसा कोणी विचारीत नाही. राज्यशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. उमेदवाराने स्वतः न करता त्याच्यासाठी इतरांनी केलेल्या खर्चाकडे आपला कायदा कसा पाहतो, हे थोडक्यात सांगण्याचा येथे प्रयत्न आहे.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याच्या ७७ व्या कलमान्वये प्रत्येक उमेदवाराने आपल्या खर्चाचा हिशेब ठेवला पाहिजे व तो ठरलेल्या मर्यादेत राहिला पाहिजे. जानेवारी २०२२ मध्ये ही मर्यादा महाराष्ट्रात विधानसभेसाठी ४० लाख व लोकसभेसाठी ९५ लाख रुपये ठरविण्यात आली. जळगाव जिल्ह्यातील ११ आणि धुळे जिल्ह्यातील ५ विधानसभा मतदारसंघांतील प्रत्येक उमेदवाराला २०२४ च्या निवडणुकीत हीच ४० लाखांची मर्यादा होती. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब सादर करावा लागतो. परंतु कलमातील शब्द नीट पाहावेत. उमेदवाराने किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने 'केलेला अथवा करण्यास संमती दिलेला' एवढाच खर्च त्यात मोजला जातो. सारा वाद या 'संमती' शब्दाभोवती आहे.

१९७१ च्या लोकसभा निवडणुकीत दिल्लीच्या सदर मतदारसंघातून अमरनाथ चावला निवडून आले. पराभूत उमेदवार कंवरलाल गुप्ता यांनी त्यांच्या खर्चाला आव्हान दिले. ३ ऑक्टोबर १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, पक्षाने आपल्यासाठी केलेल्या खर्चाचा लाभ उमेदवार जाणूनबुजून घेत असेल आणि त्याला हरकत घेत नसेल, तर त्याची मूक संमती आहे असेच मानावे. तसे न मानले, तर मर्यादेला अर्थच उरणार नाही व धनवानांचा पाठिंबा ज्याला, त्याचेच पारडे जड होईल, हा त्यामागील विचार. पण अवघ्या सोळा दिवसांत, १९ ऑक्टोबरला, सरकारने वटहुकूम काढला. पक्षाने, संस्थेने किंवा कोणाही व्यक्तीने केलेला खर्च उमेदवाराचा समजू नये, असे स्पष्टीकरण कलमाला जोडले गेले; डिसेंबरात त्याचा कायदाही झाला. दार बंद होण्यापूर्वीच खिडकी उघडली गेली!

या खिडकीविषयी न्यायालयाने पुढे जे म्हटले, ते आपल्या महाराष्ट्रातल्याच खटल्यात. १९९१ च्या अहमदनगर मतदारसंघाच्या निवडणुकीवरून यशवंतराव गडाख व बाळासाहेब विखे पाटील यांच्यात वाद झाला. खटल्याचा मुख्य विषय प्रचारातील भाषणांचा होता. तरीही नोव्हेंबर १९९३ च्या निकालपत्रात न्यायमूर्तींनी खर्चाचा प्रश्न आवर्जून घेतला. पक्षाचा वा इतरांचा खर्च कायद्याच्या जाळ्याबाहेर असेल, तर उमेदवारावरील मर्यादा ही निव्वळ डोळ्यांत धूळफेक ठरते, असा त्यांचा अभिप्राय होता. तरीदेखील कायदा बदलायला २००३ साल उजाडले. आता पक्षपुढाऱ्यांच्या प्रचारदौऱ्याच्या प्रवासखर्चालाच ती सूट आहे. असे पुढारी मान्यताप्राप्त पक्षाला जास्तीत जास्त ४० नेमता येतात. पण उमेदवाराचे नाव न घेता पक्षाने केलेल्या सर्वसाधारण प्रचाराला आजही कमाल मर्यादा नाही. त्याचा हिशेब आयोगाकडे द्यावा लागतो, इतकेच.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. समजा, यावल तालुक्यातील एखाद्या केळी बागायतदाराला एक उमेदवार मनापासून आवडला आणि त्याने पदरचे पाचशे रुपये खर्चून पत्रके छापली. उमेदवाराची लेखी परवानगी नसेल, तर हा गुन्हा होतो! १९२० साली भारतीय दंडविधानात आलेल्या तरतुदीप्रमाणे दहा रुपयांपर्यंतच्या खर्चालाच माफी होती, आणि तीही दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मान्यता मिळविल्यास. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. दंडाची मर्यादा पाचशेवरून दहा हजार झाली. माफीचे दहा रुपये मात्र दहाच राहिले. शंभर वर्षांत रुपयाचे काय झाले, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांगायला नकोच.

इंग्लंडमध्येही अशी पाच पौंडांची मर्यादा होती. १९९२ च्या निवडणुकीत पत्रके वाटल्यावरून फिलिस बोमन या बाईंवर खटला झाला. १९९८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ही मर्यादा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करणारी ठरविली आणि २००० साली ब्रिटिश संसदेने ती ५०० पौंड केली. अमेरिकेने दुसरे टोक गाठले. उमेदवाराशी संगनमत न करता स्वतंत्रपणे केलेल्या खर्चावरील मर्यादा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये रद्द केली आणि २०१० मध्ये कंपन्यांनाही ती मोकळीक दिली. तेव्हापासून तेथील निवडणुकांत बाहेरच्या पैशाचा महापूर आला आहे.

या दोन्ही अनुभवांवरून मला असे वाटते की, आपला कायदा नेमका उलटा झाला आहे. कोट्यवधी खर्चणाऱ्या पक्षाला मर्यादा नाही, आणि स्वतःच्या खिशातून चार पत्रके छापणाऱ्या नागरिकाला दहा रुपयांची! पक्षाच्या खर्चालाही कमाल मर्यादा असावी आणि सामान्य नागरिकाला आपले नाव जाहीर करून माफक रक्कम खर्चण्याची मुभा असावी. पत्रकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव छापण्याची सक्ती कायद्यात आहेच. तीच शिस्त पैशालाही लावता येईल. ज्याच्यामागे पक्षाची तिजोरी नाही, अशा गरीब पण लायक उमेदवाराला निवडणुकीत उभे राहण्याची हिंमत व्हावी, एवढीच ही अपेक्षा आहे. आपल्यापैकी अनेकजण प्रथमच मतदार झाले आहेत. मत कोणाला द्यावे हे ठरविताना, कोणाच्या प्रचाराचा खर्च कोण करीत आहे, हेही आपण विचारले पाहिजे.